गेलं देवीकडे

कण्हेरीची माळ ओवताना सुई बोटात घुसली, की ऋजुता हसायची. ओठ न उघडता, डोळे किंचित बारीक करून. मग बोटावरचा लाल ठिपका ओढणीला पुसायचा, "गेलं देवीकडे" म्हणायचं आणि पुढचं फूल उचलायचं.

तिच्या लेकीच्या, शाल्मलीच्या कानांवर हे शब्द अंगाईच्याही आधी पडले. रांगत्या वयात तिनं आईचे केस ओढले, आई हसली, गेलं देवीकडे. दात येताना ती आईच्या खांद्याला कडकडून चावली, आई हसली, गेलं देवीकडे. पुढे तर तो दोघींचा खेळच झाला. फोडणी अंगावर उडाली, उंबऱ्याला ठेच लागली, की शाल्मली असेल तिथून ओरडायची, "गेलं का गं?" आणि आतून उत्तर यायचं, "गेलं हो!"

या खेळाच्या मुळाशी एक नवस होता, आणि तो लेकीला कुणी कधी सांगितला नव्हता. शाल्मली वेळेआधी जन्मली होती. लातूरच्या एका दवाखान्यात ती काचेच्या पेटीत पडून होती आणि रडत नव्हती. रडायला लागते तेवढी हवाही तिच्या छातीत मावत नव्हती. ऋजुतानं काचेला कपाळ टेकवून अंबाजोगाईच्या योगेश्वरीला सांगितलं, "आई, हिचं रडणं हिला दे. बदल्यात माझं घे. यापुढे दुखलंखुपलं म्हणून माझ्या तोंडून शब्द निघणार नाही." पहाटे पेटीतून मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. ऋजुतानं मान डोलावली. देवीशी झालेला व्यवहार चारचौघांत बोलायचा नसतो.

तेव्हापासून तिनं 'आई गं' म्हटलं नव्हतं. दाढ काढतानाही नाही.

*

शाल्मली दहा वर्षांची झाली आणि 'कवटीगड' दारात येऊन उभा राहिला.

मोबाइलवरचा हा खेळ साऱ्या शाळेत चालत होता. गडावरच्या माणसांना पकडायचं आणि करवतीनं कापायचं. माणूस जितका गयावया करेल तितके गुण जास्त. ती माणसं हुबेहूब खऱ्यासारखी दिसत, आणि गयावया करताना खेळणाऱ्या मुलाचं नाव घेत.

"आई, सगळे खेळतात गं. मधल्या सुट्टीत मी एकटीच डबा खात बसते."

"डबा खायलाच असते मधली सुट्टी."

"बाबा, बघा ना हिला!"

हृषीकेश, शाल्मलीचा बाप, वर्तमानपत्र वाचावं तसा भिंतीवरचा पडदा वाचत होता. "अगं ऋजु, आम्ही काय कमी मुडदे पाडले लहानपणी? झालो का खाटीक?"

"खाटीक बरा. तो पोटासाठी तरी कापतो."

"मग सरळ नाही म्हण पोरीला."

तेच ऋजुताला जमत नव्हतं. तिचा आवाज कधी चढायचा नाही, आणि आवाज न चढवता म्हटलेलं 'नाही' शाल्मलीला ऐकूच यायचं नाही. म्हणून तिला 'पारख' बरी वाटली. आपण वाईट व्हायला नको, यंत्रच काय ते सांगेल. चौदा वर्षांखालच्या मुलाला असला खेळ उघडून द्यायचा तर पारख केंद्राचा निवाडा लागतो, असा कायदा अलीकडेच झाला होता.

ऋजुताला निवाडा आधीच ठाऊक होता. माझी पोर लोण्याची आहे. पिवळा येणार, म्हणजे खेळ नको.

*

पारखेमागचं शास्त्र तसं सोपं होतं. आपल्या बोटाला सुई टोचली की मेंदूच्या एका घडीत रक्त धावतं. जिवलगाच्या बोटाला टोचलेली नुसती पाहिली, तरी त्याच घडीत धावतं, थोडं कमी. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. नवी होती ती टोपी. दिसायला विणलेल्या कानटोपीसारखी. डोळ्यांना न दिसणारा उजेड ती कवटीतून आत सोडायची आणि परत आलेल्या उजेडावरून रक्त कुठे किती धावलं ते सांगायची. मूल हललं, हसलं तरी मोजणी बिघडत नसे.

आधी मुलानं खेळ खेळायचा. मग त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाला त्याच्या डोळ्यांसमोर खरोखर दुखवायचं. पडद्यावरचं दुखणं चालत नसे. ही पिढी बनावट चित्रफितींवर वाढलेली. पडद्यावर माणूस जळाला तरी विचारायची, "मस्त! कुणी बनवलंय?" म्हणून तांब्याचं एक कडं केलं होतं. ते मनगटात घालायचं. काही श्वासांपुरतं ते तापायचं. डाग उठत नसे, चटका मात्र अस्सल.

खोट्या रक्तानं मूल हललं नाही आणि खऱ्या दुखण्यानं हललं, तर हिरवा. खेळू द्या, त्याला फरक कळतो. दोन्हींनी हललं, तर पिवळा. खेळ नको, झोप उडेल त्याची. आणि खऱ्या दुखण्यानंही हललं नाही, तर लाल. लाल निवाडा शाळेलाही जायचा.

केंद्रातल्या देवणीकर मॅडम बोलक्या होत्या. ऋजुताला काचेपलीकडे बसवून तिच्या मनगटात कडं घालताना म्हणाल्या, "मोकळेपणानं ओरडा हं ताई, इथं लाजायचं नाही. सकाळी एक वडील आले होते, कडं चालू करायच्या आधीच बोंबलले! पोरगं म्हणतं, पप्पा, अजून लाइट लागली नाही."

ऋजुता हसली. काचेच्या अलीकडे शाल्मली टोपी घालून बसली होती. खेळाचा भाग झाला होता. गडावरचा एक म्हातारा तिचं नाव घेत मेला होता आणि मोजणीच्या पडद्यावरची तिची रेषा थोडी थरथरून स्थिरावली होती.

कडं तापलं. ऋजुताच्या मनगटातून कोपरापर्यंत आग गेली. ओठ मिटलेले राहिले, डोळे किंचित बारीक झाले, आणि ती हसली. शाल्मलीनं काचेतून अंगठा दाखवला. ओठांनीच विचारलं, "गेलं?"

ऋजुतानं मान हलवली. गेलं.

मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. रेषा सुतासारखी सरळ होती. त्यांनी शाल्मलीपाशी बसून विचारलं, "बाळा, आईला चटका बसत होता. तुला काय वाटलं?"

"काहीच नाही," शाल्मली म्हणाली. "आईला दुखत नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, आणि बसल्या जागीच आपली खुर्ची वीतभर मागे सरकवली.

*

लाल निवाडा घरात आला आणि हृषीकेशला एकेक गोष्ट आठवू लागली.

"गाडीच्या दारात तुझी बोटं चेपली होती, आठवतं? दार हिनंच लावलं होतं. आणि काय म्हणाली? 'चला आता, उशीर होतोय.'"

"लहान आहे ती."

"आणि तुझ्या पायावर गरम पाणी सांडलं तेव्हा? फरशी पुसायला धावली. फरशी! आई नाही दिसली तिला." तो हळू आवाजात बोलत होता, दाराकडे बघत. स्वतःच्याच घरात हळू बोलायची त्याला अशी सवय लागली. मग एक दिवस विळी आणि सुऱ्या वरच्या फडताळात गेल्या. शेजारच्या शेवाळकरांचं मांजराचं पिल्लू दिसेनासं झालं, तेव्हा तो कुणाला न सांगता शाल्मलीचं दप्तर उघडून बघत होता. पिल्लू मीटरच्या पेटीत सापडलं, झोपलेलं. शेवाळकरकाकू तरी म्हणाल्याच, "सापडलं बाई एकदाचं. आजकाल काही सांगता येत नाही, कुणाच्या घरात काय वाढतंय."

शाळेनं तिला दाराजवळच्या बाकावर एकटीला बसवलं. शिवणाच्या तासाला तिला कात्री देईनात. मुलं आपापल्या मोबाइलवर माणसं कापता कापता तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "लाल आली, लाल!"

ऋजुतानं सगळ्यांशी भांडायचं ठरवलं आणि कुणाशीच भांडली नाही. उपास वाढवले. पक्ष्यांना घालायची दाण्यांची मूठ दुप्पट केली. आणि एका दुपारी लेकीची वेणी घालताना तिच्या लक्षात आलं, की आपण केसांकडे बघतच नाही आहोत. आरशातल्या त्या चिमुकल्या चेहऱ्याकडे बघतोय, चोरून, परक्या माणसाकडे बघावं तसं. तिनं पटकन नजर खाली केली. शाल्मलीनं ते आरशातून पाहिलं.

"आई, मी वाईट आहे का गं?"

"कोण म्हणतं?"

"कुणी म्हणत नाही. सगळे तसं बघतात. तूपण." तिनं वेणी हिसकून घेतली. "मी काय खोटं सांगितलं? त्या मॅडम म्हणाल्या, आईला दुखत होतं. मी म्हटलं, माझ्या आईला दुखत नाही. देवी घेते ना तुझं सगळं? तूच सांगतेस ना? त्यांना माहीतच नाही आणि मला लाल दिला!"

ऋजुताच्या हातातली फणी खाली पडली.

पोर निर्दय नव्हती. पोर श्रद्धाळू होती. दहा वर्षं आईनं जे सांगितलं, ते तिनं देवीच्या शब्दासारखं मानलं होतं.

*

"म्हणजे तुम्ही मुद्दाम ओरडला नाहीत?" देवणीकर मॅडमनी विचारलं. ऋजुता एकटीच त्यांना भेटायला आली होती.

"मुद्दाम नाही. माझं व्रत आहे."

"ताई, मीपण मंगळवार करते. पण टोपीला व्रत कळत नाही, रक्त कळतं." त्यांचा सूर मवाळ झाला. "एकदा फेरतपासणी करता येते. फक्त एकदाच. पण कड्याला माणूस तोच लागतो. नाहीतर लोक नाटकात काम करणारे मामा घेऊन येतात."

"मी तिला आधी घरी समजावून सांगितलं तर? की मला दुखतं म्हणून?"

"सांगून रक्त धावत नाही. तिला दिसायला हवं. आणि दुसऱ्यांदा लाल आला तर तो कायमचा, हेही सांगून ठेवते. शाळा बदललीत तरी पाठीशी येतो."

त्या संध्याकाळी ऋजुता समईसमोर बसून राहिली. शब्द पाळला तर लेकीच्या कपाळावर जन्माचा डाग. शब्द मोडला तर... देवीनं दिलेलं देवीनं परत मागितलं तर? काचेची पेटी, तो न येणारा आवाज. ती स्वतःशीच वाद घालू लागली. व्रत कशाचं आहे? दुखण्याचा शब्द न काढण्याचं. मग न दुखताच शब्द काढला, नुसतं नाटक केलं, तर व्रत कुठे मोडतं? देवीला नाटक कळतं. पोरीला कुठे कळणार आहे?

*

फेरतपासणीला हृषीकेशही आला. कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा राहिला.

कडं जेमतेम कोमट झालं होतं, तेवढ्यात ऋजुता म्हणाली, "आई गं! किती दुखतंय! मेले गं बाई!"

काचेपलीकडे शाल्मली फसकन हसली. "आई! किती वाईट ॲक्टिंग करतेस!"

बनावट चित्रांच्या राशीवर लहानाची मोठी झालेली पोर ती. खोटं तिला वासानं कळायचं. रेषा सरळच. हृषीकेशनं तोंड भिंतीकडे वळवलं.

ऋजुताच्या कानातल्या यंत्रातून मॅडमचा आवाज आला, "ताई, वेळ संपत आली. वाढवू का? नियमात बसतं तेवढं वाढवू शकते मी."

ऋजुतानं लेकीकडे पाहिलं. ती अजून हसत होती, विश्वासानं, अंगठा वर करून. ऋजुतानं मान हलवली. वाढवा.

आधी मनगट गेलं, मग खांदा, मग नजरेसमोरची काच गेली. ओठ तिनं मिटून धरले होते, ते आतून कुणीतरी फाडावेत तसे उघडले. पहिल्यांदा जे बाहेर आलं त्याला शब्दाचं रूप नव्हतं. मग शब्द आला. "आई गं! आई गं!" कडं थंड झालं तरी ती थांबेना. गाडीच्या दारात चेपलेली बोटं ओरडत होती, पायावर सांडलेलं पाणी ओरडत होतं, दहा वर्षांच्या फोडण्या, ठेचा, सुया, दाढ, सगळी आपापली पाळी मागत होती.

शाल्मलीनं खुर्ची उलटवली. ती दोन्ही मुठींनी काचेवर मारत होती. "थांबवा! दुखतंय तिला! माझ्या आईला दुखतंय!" ती इतक्या जोरानं किंचाळली की आवाज मध्येच चिरला आणि नुसती हवा बाहेर येऊ लागली. तोंड तसंच उघडं राहिलं.

पडद्यावरची रेषा पडद्याच्या बाहेर गेली होती.

"हिरवा!" मॅडमनी टाळी वाजवली. "अभिनंदन! एवढी उंच उडी मी इथं कधी पाहिली नाही हो. फार संवेदनशील मुलगी आहे तुमची."

हृषीकेशनं डोळे पुसले आणि हसला. त्याच्या हातातल्या मोबाइलवर नगारे वाजले. कवटीगडाचे दरवाजे उघडले होते. "घे गं बाई," तो लेकीसमोर मोबाइल धरत म्हणाला, "काप आता हवी तितकी माणसं!"

शाल्मलीनं मोबाइल घेतला नाही.

*

परतताना हृषीकेशनं गाडी पेढेवाल्यापाशी थांबवली आणि तो उतरला. मागच्या सीटवर मायलेकी होत्या. शाल्मलीचा घसा पार बसला होता. ती कुजबुजल्यासारखं बोलत होती.

"दारात बोटं चेपली होती, तेव्हा?"

ऋजुतानं ओढणीचं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "दुखलं होतं."

"मी लहानपणी चावायचे तेव्हा?"

"हो."

"रोजची सुई?"

"हो गं."

"मग हसायचीस कशाला?"

याला उत्तर होतं. काचेच्या पेटीपासून सुरू होणारं. पण ते सांगायचं, तर 'तुझ्यासाठी सोसलं' असं म्हणावं लागलं असतं, आणि ते ओझं ऋजुताला दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेववेना. ती नेहमीसारखं हसली.

शाल्मलीनं ते हसू जवळून, बारकाईनं पाहिलं. दुकानदार नोट उजेडात धरून पाहतो तसं. आणि मग खिडकीकडे तोंड वळवलं.

घरी येईतो तिचा आवाज पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, किंचाळून घशाच्या पट्ट्या सुजल्या आहेत, आठवडाभर बोलू देऊ नका. त्यांनी औषध लिहून दिलं. हृषीकेशला तेवढं पुरलं. ऋजुताला पुरलं नाही. तिनं लेकीला तोंड उघडून काही म्हणायचा प्रयत्न करताना पाहिलं. नुसती हवा. काचेच्या पेटीत होती तशी.

देवी परत मागत होती.

सकाळी न्हाऊन, ओलेत्यानं ती देवघरात गेली. देवीपुढे नाक घासलं. "चुकले. एकदा चुकले. आता जीव गेला तरी शब्द निघायचा नाही. तिचं तिला परत दे." मग ती परडीतली कण्हेर घेऊन ओवायला बसली.

बाहेर सोफ्यावर पडलेल्या मोबाइलमधून गडावरची माणसं हाका मारत होती. "शाल्मली, ये ना. शाल्मली, ये ना." ज्यांनी खेळ उघडूनही पाहिलेला नसे त्यांना ती अशीच बोलावत.

शाल्मली देवघरात आली आणि आईसमोर मांडी घालून बसली. बराच वेळ माळेकडे बघत राहिली. मग तिनं आईच्या हातातून अलगद सुई काढून घेतली, आणि दुसऱ्या हातानं आईचं बोट धरलं.

"आता खरं सांगशील ना?" घशातून आवाज येत नव्हता. ओठांवरूनच कळत होतं.

तिनं हळूच टोचलं. तोंड वर करून विचारलं, "दुखलं?"

ऋजुताचे ओठ मिटलेले होते. डोळे किंचित बारीक झाले.

"गेलं देवीकडे?" ओठ पुन्हा हलले.

ऋजुतानं मान हलवली. गेलं.

शाल्मलीचा चेहरा आक्रसला. खोटं तिला वासानं कळायचं. तिनं बोट घट्ट आवळलं आणि सुई नखाच्या कडेनं आत सरकवली. लाल थेंब पांढऱ्या कण्हेरीवर पडला. सुई आत जाताना शाल्मलीनंच अंग चोरलं. जणू ती स्वतःच्याच बोटात जात होती. टोपी असती तर रेषा पुन्हा पडद्याबाहेर गेली असती. देवणीकर मॅडमनी पुन्हा टाळी वाजवली असती.

"दुखतंय? सांग ना. एकदाच सांग."

ऋजुता हसली. देवीकडे बघत, लेकीसाठी, जितकं गोड हसता येईल तितकं गोड हसली.

शाल्मलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोंड रडण्यासाठी उघडलं होतं. आवाज नव्हता. सुई थांबली नव्हती.